इंजिन धुण्याचा सोस आणि पुसण्याची सवय

ईद आणि दिवाळीचा हंगाम जवळ आला की कापड बाजारातले व्यापारी गोदाम झाडून घेतात, उधारीच्या वह्या तपासतात आणि माल वाहणारा टेम्पो वॉशिंग सेंटरवर पाठवून देतात. तेथील मुलगा गाडी बाहेरून धुतो, आतून झाडतो आणि शेवटी विचारतो, ‘‘शेठ, इंजिनही धुऊ का?’’ थोडेसेच पैसे जास्त लागणार असतात. शेठ मान हलवतात. बॉनेट उघडते, प्रेशर गनचा फवारा सुरू होतो आणि पाच मिनिटांत इंजिन नव्यासारखे चमकू लागते. मालक खूश, ड्रायव्हर खूश, वॉशिंगवालाही खूश.

आमचे म्हणणे असे आहे की या प्रश्नाला ‘‘नको’’ असे उत्तर द्यायला आपल्या व्यापारी बांधवांनी शिकले पाहिजे. इंजिन स्वच्छ असलेच पाहिजे, याबद्दल वाद नाही. परंतु ते जोराच्या पाण्याने धुऊन नव्हे, तर हाताने पुसून स्वच्छ ठेवले पाहिजे. या दोन गोष्टींत जो फरक आहे त्याची किंमत कधी हजारांत तर कधी लाखांत मोजावी लागते.

कोणी म्हणेल, कापडाचा धंदा करणाऱ्यांनी इंजिनाच्या गोष्टीत कशाला पडावे? ते काम मिस्त्रीचे आहे. हे खरे आहे की आम्ही मिस्त्री नाही. परंतु मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील लहान व्यापाऱ्याचे सर्वांत मोठे भांडवल दोनच ठिकाणी असते, एक गोदामात आणि दुसरे रस्त्यावर. सुताची पोती, बीम, कोऱ्या कापडाचे तागे ज्या गाडीवर लादून आपण निर्धास्त झोपतो, त्या गाडीच्या बॉनेटखाली काय चालले आहे हे मालकाला माहीत असणे गरजेचे आहे. शिवाय या कामात एक वस्तू अशी लागते की जिच्याबद्दल कापडवाल्याइतके दुसऱ्या कोणाला कळत नाही. ती वस्तू म्हणजे फडके. त्याबद्दल पुढे सांगू.

कालची इंजिने आणि आजची

जुने लोक म्हणतात, ‘‘आम्ही वर्षानुवर्षे इंजिन धूत आलो, काही झाले नाही.’’ त्यांचे म्हणणे खोटे नाही. अँबॅसेडर, प्रीमिअर पद्मिनी आणि 1983 च्या डिसेंबरमध्ये आलेली पहिली मारुती 800 या गाड्यांच्या बॉनेटखाली गुंतागुंत फार थोडी होती. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, तीन-चार प्लग, एक बॅटरी आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या वायरी. तरीही पाणी डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत शिरले की गाडी अडत होतीच. फरक एवढाच की ड्रायव्हर टोपी काढून कोरड्या कापडाने पुसत असे आणि गाडी पुन्हा चालू होत असे.

आज तसे राहिलेले नाही. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी इंजिने बदलत गेली. 1 एप्रिल 2017 पासून देशभर बीएस-4 आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे मापदंड लागू झाले. हे मापदंड पाळण्यासाठी इंजिनात किती पेट्रोल किंवा डिझेल जावे, किती हवा जावी, ठिणगी कधी पडावी हे सर्व एक छोटा संगणक ठरवतो. मिस्त्री लोक त्याला ईसीएम म्हणतात. या संगणकाला बातमी देणारे सेन्सर इंजिनभर पसरलेले असतात आणि प्रत्येक सेन्सरची वायर एका कपलरने जोडलेली असते. साध्या पिकअपच्या बॉनेटखालीसुद्धा असे अनेक कपलर असतात.

कपलरला रबराचे सील असते. पावसाचे उडालेले पाणी ते सहज अडवते. परंतु प्रेशर गनने जवळून मारलेले पाणी सील ओलांडून आत शिरू शकते. मग ते सहजासहजी सुकत नाही. आतील पितळी पिनांवर हळूहळू हिरवट गंज चढतो. दोन-तीन आठवड्यांनी गाडी झटके देऊ लागते, मीटरमध्ये इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि मिस्त्री एकामागून एक सेन्सर बदलत बसतो. धुण्याचा दिवस आणि बिघाडाचा दिवस यांत इतके अंतर पडते की मालकाच्या ध्यानातही येत नाही की हे त्या दिवशीच्या चमकेचे बिल आहे.

पाण्याचा जोर आणि लोखंडाची गर्मी

घरच्या नळाच्या पाण्याचा दाब साधारण एक ते तीन बार असतो. वॉशिंग सेंटरच्या मशीनचा दाब शंभर बारच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असतो. चाकाला चिकटलेला चिखल काढायला हा जोर उपयोगी आहे. तोच जोर अल्टरनेटरवर, फ्यूज बॉक्सवर किंवा सेल्फवर आला तर काय होईल, हे सांगण्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. पेट्रोल गाडीत प्लग खोल विहिरीसारख्या खळग्यात बसवलेले असतात. तेथे पाणी साठले की एखादा सिलिंडर बंद पडतो आणि गाडी थरथरू लागते. रेडिएटर आणि एसीच्या जाळीची पाती तर इतकी नाजूक असतात की जवळून मारलेल्या पाण्याने ती आडवी होतात. मग हवेची वाट बंद होते आणि चढावर गाडी गरम होते.

दुसरी गोष्ट गर्मीची. गाडी धंद्यावरून परस्पर वॉशिंगला जाते, तेव्हा कूलंट नव्वद अंशांच्या आसपास तापलेले असते. सायलेन्सरचा मॅनिफोल्ड तर त्याहून कितीतरी पट तापलेला असतो. अशा लोखंडावर एकदम थंड पाणी पडले तर ते तडकण्याचा धोका असतो. वाफेचा भपका उठून धुणाऱ्याचे हात-तोंड भाजते ते वेगळेच.

तिसरी गोष्ट हवेच्या नळीची. हवेच्या फिल्टरमधून पाणी सिलिंडरपर्यंत गेले आणि कोणी सेल्फ मारला तर मोठेच संकट ओढवते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. अशा वेळी इंजिनाचा कनेक्टिंग रॉड वाकतो आणि सबंध इंजिन खोलावे लागते. नेहमीच्या मोटार विम्यात पाण्यामुळे झालेले इंजिनाचे असे नुकसान बहुधा धरले जात नाही. त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते आणि ते किती जणांनी घेतलेले असते, हे ज्याचे त्याने आपली पॉलिसी काढून पाहावे.

रॉकेल, पेट्रोल आणि डिझेलची चमक

पाण्यापेक्षाही वाईट रीत म्हणजे रॉकेल किंवा पेट्रोल मारून इंजिन साफ करणे. पेट्रोलची वाफ शून्य अंशाच्या खालीसुद्धा पेट घेऊ शकते, मग आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांची गोष्टच सोडा. बॅटरीच्या तारेची एक ठिणगी किंवा जवळ उभ्या असलेल्या माणसाची विडी पुरेशी आहे. रॉकेल इतक्या लवकर पेटत नाही, परंतु गरम इंजिनावर त्याचीही वाफ होते. शिवाय रॉकेल रबराच्या नळ्या फुगवते आणि नरम करते. आज साफ केलेली नळी काही महिन्यांनी भर रस्त्यात फुटते.

धुऊन झाल्यावर डिझेलचा फवारा मारण्याची एक पद्धत आहे. इंजिन आणि खालची चौकट काळीभोर चमकते व गंज लागत नाही, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात डिझेलचा तो थर दोन दिवसांत रस्त्याची धूळ ओढून घेतो. धूळ आणि डिझेल मिळून जो चिकट लेप तयार होतो तो पहिल्या घाणीपेक्षा वाईट असतो आणि जळणाराही असतो. यंत्रमागाच्या गावात तर त्या लेपावर रुईचे कण येऊन बसतात. डिझेल, रुई आणि गरम सायलेन्सर एकत्र येणे म्हणजे काय, हे ज्यांनी गोदामाची आग पाहिली आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने रमजानच्या हंगामात असाच टेम्पो धुऊन भिवंडीकडे पाठवला. माल भरलेला होता आणि पोहोचवण्याची तारीख ठरलेली होती. इगतपुरी ओलांडून कसारा घाट उतरताना इंजिन बंद पडले. रात्रभर गाडी कडेला उभी राहिली. सकाळी दुसरी गाडी बोलावून माल उतरवला आणि पुन्हा लादला. मिस्त्रीने एक कपलर उघडला तर आतून पाणी ठिबकले. दुरुस्तीचा खर्च फार नव्हता. परंतु माल एक दिवस उशिरा पोहोचला, ग्राहकाने दुसऱ्याकडून खरेदी केली आणि सबंध ऑर्डर परत आली. व्यापारात जबान गेली तर ती मिस्त्रीकडे दुरुस्त होत नाही.

मग इंजिन घाण ठेवायचे काय?

मुळीच नाही. धुण्याला विरोध म्हणजे स्वच्छतेला विरोध नव्हे. घाणेरड्या इंजिनाचे तोटेही तितकेच खरे आहेत.

पहिला तोटा असा की घाणीखाली गळती दिसत नाही. ऑइल कोठून पाझरते, कूलंटची नळी कोठे ओलसर आहे, पट्ट्याला तडा गेला आहे काय, हे स्वच्छ इंजिनावर एका नजरेत कळते. दुसरा तोटा आगीचा. ऑइलने भिजलेली धूळ गरम भागाजवळ साठू देणे म्हणजे आगीला दाणापाणी घालणे होय. तिसरा तोटा उंदरांचा. गोदामाजवळ उभ्या असलेल्या गाडीत उंदीर चिंध्या आणि कागद नेऊन घर करतात आणि वायरी कुरतडतात. महिन्याला एकदा तरी बॉनेट उघडून हात फिरवणाऱ्याच्या गाडीत हे वेळीच दिसते.

येथे विम्याची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोटारीचा विमा गाडीचा असतो, गाडीत भरलेल्या कापडाचा नसतो. मालासाठी वाहतुकीचा वेगळा विमा काढावा लागतो. बॉनेटखाली लागलेली आग मागच्या ताग्यांपर्यंत गेली तर गाडीची भरपाई एक वेळ मिळेल, मालाची मिळेलच असे नाही.

फडक्याची गोष्ट

आता आपल्या धंद्याकडे वळू. गॅरेजात इंजिन पुसायला जे कापड हाताला येईल ते घेतले जाते. हे चूक आहे.

कोरे कापड, म्हणजे मागावरून उतरलेले आणि धुलाई न झालेले कापड, पुसण्यासाठी निरुपयोगी असते. त्यात सायझिंगची खळ असते आणि कापसाचे मूळचे मेणही असते. त्यामुळे ते पाणी शोषत नाही, नुसतेच पसरवते. पॉलिएस्टरचे कापड तर गरम भागाजवळ नेऊच नये. कापूस करपतो, परंतु पॉलिएस्टर अडीचशे अंशांच्या वर वितळते आणि मॅनिफोल्डला किंवा बोटांना चिकटते. सुटा कापूस, ज्याला बाजारात वेस्ट म्हणतात, तो हात पुसायला ठीक आहे. परंतु त्याचे धागे सुटतात आणि ऑइलच्या तोंडात किंवा हवेच्या नळीत जाऊ शकतात.

या कामाला सर्वांत चांगले फडके म्हणजे अनेक वेळा धुतलेले जुने सुती कापड. जुनी बनियन, जुनी चादर, जुने धोतर. होजिअरीचे विणलेले कापड मऊ असते, शोषून घेते आणि कोपऱ्यात वळते. बटणे, चेन आणि हुक मात्र कापून टाकावेत, कारण धातूचा तुकडा बॅटरीच्या दोन टोकांना लागला तर ठिणगी उडते. आजकाल मायक्रोफायबरची फडकी मिळतात. तीही चांगली आहेत, परंतु त्यांच्यात पॉलिएस्टर असते, म्हणून ती थंड भागांवरच वापरावीत.

आणखी एक नियम करावा. काम सुरू करताना फडकी मोजावीत आणि संपल्यावर पुन्हा मोजावीत. तागे मोजण्याची सवय असलेल्या माणसाला हे जड नाही. एक विसरलेले फडके पट्ट्यात अडकू शकते किंवा गरम सायलेन्सरवर पडून पेटू शकते. तेलकट फडकी गोदामात कधीही ठेवू नयेत. झाकणाच्या लोखंडी डब्यात, मालापासून दूर ठेवावीत.

पुसण्याची रीत

या कामासाठी महिन्यातून अर्धा तास पुरेसा आहे. सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, इंजिन थंडगार असताना बसावे. गाडी सावलीत, सपाट जागेवर उभी करावी. चावी काढून खिशात ठेवावी, हँडब्रेक ओढावा. बाह्या दुमडाव्यात, अंगठी व घड्याळ काढावे, गळ्यातला रुमाल बाजूला ठेवावा. पुष्कळ गाड्यांत रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि इंजिन गरम असेल तर चावी बंद असतानाही तो आपोआप फिरू शकतो. थंड इंजिनावर काम करण्याचे हेही एक कारण आहे.

पहिले काम कोरडे करावे. काचेखालच्या जाळीत साठलेली पाने आणि कागद हाताने काढावेत. तेथील पाण्याची वाट तुंबली तर पावसाळ्यात पाणी गाडीच्या आत येते. नंतर रंगकामाच्या मऊ ब्रशने धूळ झाडावी. ब्रशला जी पत्र्याची पट्टी असते तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे ती बॅटरीला लागून शॉर्ट होणार नाही. यंत्रमागाच्या गावात निम्मे काम येथेच संपते, कारण घाणीचा मोठा भाग रुई आणि धुळीचाच असतो.

मग बादलीत पाणी घेऊन त्यात गाडीचा थोडा शाम्पू टाकावा. फडके बुडवून घट्ट पिळावे, इतके की थेंब पडू नये. वरून खाली पुसत यावे. जेथे ऑइलचा चिकटा असेल तेथे पाण्यात मिसळणारे डिग्रीझर वापरावे. तेही इंजिनावर न फवारता फडक्यावर घ्यावे, चिकट्यावर लावावे, दोन-तीन मिनिटे थांबावे आणि स्वच्छ ओल्या फडक्याने पुसून काढावे. हातात रबरी मोजे असावेत.

काही ठिकाणी ओले फडकेही नेऊ नये. फ्यूज बॉक्स, ईसीएम, अल्टरनेटर, उघडे दिसणारे कपलर यांना फक्त कोरडे फडके व ब्रश. सीएनजी गाडीत गॅसच्या नळ्या आणि रेग्युलेटर यांना ओढाताण करू नये. गॅसचा वास आला तर काम थांबवून अधिकृत मिस्त्रीकडेच जावे. बॅटरीवर चालणाऱ्या नव्या गाड्यांत नारिंगी रंगाच्या जाड तारा असतात. त्यांत उच्च दाबाची वीज असते. त्यांना कोणीही हात लावू नये.

पट्ट्याला ऑइल, पॉलिश, चमक आणणारा द्राव काहीही लावू नये. पट्टा घसरतो आणि अल्टरनेटर व पाण्याचा पंप दोन्ही अडतात. एअर फिल्टर कागदी असेल तर तो धुऊ नये. हलके झटकावा, फार भरला असेल तर बदलावा. ज्या गावात हवेत रुई उडते तेथे कंपनीने सांगितलेल्या मुदतीपूर्वीच तो भरतो. म्हणून फिल्टर तारखेने न बदलता नजरेने बदलावा.

शेवटी कोरड्या फडक्याने सर्व पुसावे, फडकी मोजावीत, बॉनेट दहा-पंधरा मिनिटे उघडे ठेवावे आणि मग गाडी चालू करून आवाज ऐकावा. त्या रात्री गाडीखाली एक जुना पुठ्ठा टाकावा. सकाळी त्यावर तपकिरी-काळा डाग असेल तर ऑइल, हिरवा किंवा गुलाबी असेल तर कूलंट. एसी वापरल्यावर पडलेले स्वच्छ पाणी मात्र काळजीचे नाही.

बॅटरी आणि रेडिएटर

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड साठते. ती काढण्यासाठी खाण्याचा सोडा एक चमचा, पेलाभर पाण्यात. आम्लाचा जोर सोड्याने मरतो. आधी उणे टोकाची तार काढावी, नंतर अधिकची. बसवताना उलट, म्हणजे अधिक आधी आणि उणे शेवटी. नव्या गाड्यांत तार काढल्याने काही नोंदी पुसल्या जातात, म्हणून गाडीचे पुस्तक आधी पाहावे. सोड्याचे पाणी बॅटरीच्या छिद्रांत जाऊ देऊ नये. टोके कोरडी करून वर थोडे पेट्रोलियम जेली लावावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ विडी-सिगारेट अजिबात नको.

रेडिएटरच्या जाळीत रुई बसली असेल तर हलकी हवा इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने मारावी. समोरून मारली तर रुई आणखी आत दाबली जाते. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असते आणि उसळून तोंडावर येते.

चमक पाहून खरेदी करू नका

जुन्या गाड्यांच्या बाजारात इंजिन धुऊन, काळी पॉलिश मारून गाडी उभी करण्याची रीत आहे. घेणारा बॉनेट उघडतो, चमक पाहतो आणि खूश होतो. आमच्या मते दहा वर्षांच्या गाडीचे इंजिन आरशासारखे चमकत असेल तर घेणाऱ्याने दोन पावले मागे सरावे. गळती झाकायला यापेक्षा स्वस्त उपाय दुसरा नाही. अशी गाडी अर्धा तास चालवून, तापवून, मग बॉनेट उघडावे. ऑइलची वाट झाकता येते ती काही वेळच. ताजा पाझर लगेच दिसतो.

विकणाऱ्यालाही आमचे सांगणे आहे. ताग्यात ऐब असेल तर आपण तो उलगडून दाखवतो आणि भाव कमी करतो. जो लपवतो त्याच्याकडे ग्राहक दुसऱ्यांदा येत नाही. गाडी विकतानाही नियम हाच असावा. पुसलेले, धूळ नसलेले परंतु वयाप्रमाणे मळकट दिसणारे इंजिन आणि सोबत सर्व्हिसची बिले, ही विकणाऱ्याची खरी इज्जत आहे.

ज्यांच्या हातात गन आहे

वॉशिंग सेंटर आणि गॅरेज चालवणारेही आपलेच बांधव आहेत. त्यांच्या पोटावर पाय देण्याचा आमचा हेतू नाही. उलट आम्ही असे सुचवतो की इंजिन पुसण्याचे काम त्यांनी वेगळे काम म्हणून सुरू करावे आणि त्याचे योग्य पैसे घ्यावेत. पाच मिनिटांच्या फवाऱ्यापेक्षा अर्ध्या तासाच्या हातकामाला जास्त मोल मिळायलाच हवे आणि शहाणा मालक ते आनंदाने देईल. पाण्याचीही बचत होईल. प्रेशर मशीन मिनिटाला दहा लिटरच्या आसपास पाणी घेते. पुसण्याला एक बादली पुरते. ज्या गावांत नळाला रोज पाणी येत नाही तेथे हा विचार केलाच पाहिजे.

काही मोठ्या केंद्रांत वाफेने इंजिन साफ करतात. वाफेला पाणी कमी लागते आणि जाणत्या हातात ते काम चांगले होते. परंतु नाजूक भाग झाकणे आणि नंतर हवेने सुकवणे हे त्यातही चुकत नाही. जो झाकत नाही त्याच्याकडे वाफ असो की पाणी, गाडी देऊ नये.

एक गोष्ट मात्र कडकपणे सांगितली पाहिजे. रॉकेल आणि पेट्रोलने इंजिन धुणारे हात पुष्कळदा कोवळ्या मुलांचे असतात. 2016 च्या दुरुस्तीनंतर बालमजुरीचा कायदा 14 वर्षांखालील मुलांना दुसऱ्याच्या दुकानात वा गॅरेजात कामाला ठेवण्याची मनाई करतो आणि 18 वर्षांखालील मुलांना ज्वालाग्राही पदार्थांसारख्या धोक्याच्या कामांपासून दूर ठेवतो. कायदा नसता तरी, ज्या कामाला आपण आपल्या मुलाला पाठवणार नाही त्या कामाला दुसऱ्याचे मूल लावणे हे कोणत्याही तिजारतीला शोभत नाही.

आणखी एक अडचण आहे ती भाषेची. गाडीबरोबर जे पुस्तक येते ते बहुधा इंग्रजीत असते. ते डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत तसेच पडून राहते. आमच्यासारखे उर्दू माध्यमातून शिकलेले मालक आणि मराठी चौथी-पाचवी झालेले ड्रायव्हर ते कसे वाचणार? म्हणून ट्रान्सपोर्ट संघटनांनी आणि गाड्यांच्या विक्रेत्यांनी दहा ओळींचे एक कार्ड मराठी आणि उर्दूत छापून प्रत्येक गाडीत लावावे. काय पुसायचे, कशाला हात लावायचा नाही, बॅटरीची कोणती तार आधी काढायची, बॉनेटखालून धूर आला तर काय करायचे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तरही किती ड्रायव्हरांना माहीत आहे? गाडी कडेला घेऊन चावी बंद करायची, सर्वांनी दूर व्हायचे आणि बॉनेट पूर्ण उघडायचे नाही, कारण एकदम हवा मिळाली की आग भडकते. मदतीसाठी फोन करायचा. एवढ्या माहितीने एखाद्याचा जीव वाचू शकतो.

येत्या हंगामापूर्वी प्रत्येक व्यापाऱ्याने एवढे करावे. आपल्या ड्रायव्हरला अर्धा तास फुरसत द्यावी, चार जुनी सुती फडकी व एक मऊ ब्रश द्यावा आणि पहिल्या वेळी स्वतः शेजारी उभे राहावे. ड्रायव्हरला कळेल की शेठला बाहेरच्या चमकेपेक्षा आतील हालत जास्त महत्त्वाची वाटते, आणि शेठलाही कळेल की आपला माल कशाच्या भरवशावर घाट उतरतो. नफा बाजारभावावर अवलंबून असतो आणि बाजारभाव आपल्या हातात नाही. बॉनेटखालचे नुकसान टाळणे मात्र आपल्या हातात आहे.